विषाद व अनिद्रा यांनी ग्रस्त तरुण मुले : ‘उपस्थाता’ या नात्याने पालकांचे शिक्षण

प्रस्तावना

शरीरव्याधीचा रुग्ण स्वतः चिकित्सालयात येतो आणि आपली तक्रार आपल्या तोंडाने सांगतो. विषादाने ग्रासलेला तरुण रुग्ण बहुधा येत नाही; त्याच्या वतीने आईवडील येतात. त्यांनी सांगितलेली हकीकत थोड्याफार फरकाने सारखीच असते. मुलगा वा मुलगी १९ ते २५ वर्षांची. पदवी पूर्ण झालेली अथवा अर्ध्यावर सुटलेली. पुण्यात खोली घेऊन एक-दोन वर्षे स्पर्धापरीक्षेची तयारी केली, यश आले नाही, म्हणून घरी परत आणले. आता दिवसभर खोलीचे दार बंद असते. रात्री तीन-चार वाजेपर्यंत जागरण, दुपारी एकला उठणे. ताट खोलीत न्यावे लागते आणि निम्मे परत येते. मित्रांचे फोन घेतले जात नाहीत. पाहुणे आले की पाणी प्यायलाही बाहेर येणे होत नाही. एवढे सांगून झाल्यावर आई म्हणते, “डॉक्टर, झोपेचे काहीतरी औषध द्या. झोप लागली की बाकीचे आपोआप सुधारेल.”

या मागणीत तथ्यांश आहे, पण ती अपुरी आहे. निद्रेचा विचार केल्याशिवाय विषादाची चिकित्सा होत नाही हे खरे. तथापि अशा रुग्णाची चिकित्सा चिकित्सालयातील पंधरा मिनिटांत होत नसून घरातील उरलेल्या वेळात होते, आणि तो वेळ पालकांच्या हाती असतो. म्हणून पालकांना काय शिकवावे, कसे शिकवावे आणि वैद्याने स्वतः कोठे थांबावे याचा विचार आम्ही या लेखात करीत आहोत.

शास्त्रीय बैठक

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाताचे जे ८० नानात्मज विकार गणले आहेत, त्यांत विषाद व अस्वप्न हे दोन्ही आहेत. एकाच दोषाच्या यादीत ही जोडी आढळावी हे चिकित्सकाच्या रोजच्या अनुभवाशी जुळणारे आहे. त्याच अध्यायातील कफाच्या २० विकारांत तंद्रा व अतिनिद्रा येतात. अंथरुणात पडून राहणारा प्रत्येक तरुण अनिद्रेचाच रुग्ण नसतो, याचे स्मरण ही दुसरी यादी करून देते. पंचविसाव्या अध्यायात रोग वाढवणाऱ्या भावांमध्ये विषादाला अग्रस्थान दिले आहे. विषाद हा स्वतः विकार आहे आणि इतर विकारांचे खतपाणीही आहे, असा याचा आशय होतो.

मात्र आमच्या विषयाचा गाभा याच स्थानाच्या नवव्या अध्यायात आहे. तेथे चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत : भिषक्, द्रव्य, उपस्थाता आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण वर्णिले आहेत. रोग्याचे गुण म्हणजे स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. हे चार गुण विषादाच्या रुग्णात शोधू गेल्यास चारही हरवलेले दिसतात. चांगल्या दिवसांची आठवण त्याला होत नाही, म्हणजे स्मृती क्षीण झाली आहे. सांगितलेले करण्याचे बळ नाही, म्हणून निर्देशकारित्व नाही. साध्या फोनचीही भीती वाटते, तेथे अभीरुत्व कोठून असणार? आणि काय होते आहे हे शब्दांत सांगता येत नाही, म्हणून ज्ञापकत्वही नाही.

चौथा पाद असा लंगडा झाला की त्याचा भार तिसऱ्या पादावर येतो. हा तिसरा पाद म्हणजे उपस्थाता, आणि आपल्या घरांत तो बहुधा आई किंवा वडील असतो. उपस्थात्याचे गुण उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच असे आहेत. पालकांजवळ अनुराग विपुल असतो. उणीव असते ती उपचारज्ञतेची. ही उणीव भरून काढणे हे वैद्याचे कर्तव्य आहे, असे आमचे प्रतिपादन आहे.

निदान करताना

प्रथम हा विषाद आहे की प्रसंगोत्पन्न दुःख आहे हे पाहावे. परीक्षेत अपयश आल्यावर आठ दिवस कोणीही खिन्न राहील. आधुनिक मानसशास्त्रात निदानासाठी किमान दोन आठवड्यांचा कालावधी धरतात. या काळात जवळजवळ रोज खिन्नता अथवा आवडीच्या गोष्टींतही रस न उरणे, यांपैकी एक तरी असावे लागते. त्याच्या जोडीला निद्रा, भूक, शक्ती, एकाग्रता, हालचालींची गती, स्वतःविषयीची अपराधी भावना आणि मृत्यूचे विचार यांची चौकशी करतात. याच नऊ मुद्द्यांवर बेतलेली पीएचक्यू-९ ही प्रश्नावली २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. चिकित्सालयात ती पाच मिनिटांत भरून होते. रुग्णाची प्रगती मोजण्यासाठी ती दर महिन्यास भरून घ्यावी.

अनिद्रेचे प्रकार वेगळे ओळखावेत. रात्री अकराला पडूनही तासन्‌तास डोळा लागत नाही हा एक प्रकार. पहाटे तीनला जाग येते आणि मग मन काळोखात फिरत राहते हा दुसरा. पहाटे चारला झोप लागते, परंतु तेथून आठ तास गाढ लागते, हा तिसरा. यात निद्रा नष्ट झालेली नसून तिची वेळ सरकलेली असते. चौथा प्रकार सर्वांत महत्त्वाचा. तीन-चार तास झोपूनही रुग्ण थकत नाही, उलट अधिक बोलतो, पैसा उधळतो, मोठमोठे बेत आखतो. येथे झोप ‘येत नाही’ असे नसून झोपेची ‘गरज वाटत नाही’. असा काळ पूर्वी कधी येऊन गेला का, हे पालकांना अवश्य विचारावे. उत्तर होकारार्थी असेल तर तो केवळ विषाद नव्हे. अशा रुग्णास विनाविलंब मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावे.

थायरॉइड, हिमोग्लोबिन व जीवनसत्त्व बी-१२ यांच्या तपासण्या करून घ्याव्यात. शाकाहारी कुटुंबांत बी-१२ची कमतरता वारंवार आढळते, आणि तिची ग्लानी विषादासारखी भासू शकते. मद्य, गांजा व झोपेच्या गोळ्या यांविषयी रुग्णाला एकांतात विचारावे, पालकांसमोर नव्हे. रुग्ण १८ वर्षांवरील असल्यामुळे तो कायद्याने सज्ञान आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ या कायद्याने मानसिक आजाराच्या रुग्णास गोपनीयतेचा अधिकार दिला आहे. “तू सांगितलेले मी तुझ्या संमतीशिवाय घरी सांगणार नाही, तुझ्या जिवाला धोका असेल तर मात्र सांगावे लागेल,” हे वाक्य पहिल्याच भेटीत स्पष्ट उच्चारावे.

उपस्थात्याचे चार गुण : पालकांस द्यावयाचे शिक्षण

(१) उपचारज्ञता – पालकांना सर्वप्रथम हे पटवून द्यावे की हा आळस नव्हे व नाटकही नव्हे. ज्वरात अंग तापते, तसे विषादात उत्साह मावळतो. तापलेल्या मुलाला आपण “गार हो” म्हणत नाही. मग खिन्न मुलाला “मन घट्ट कर” म्हणून काय साधणार? तुलना, उपदेश आणि उपकारांची आठवण ही तीन अपथ्ये आहेत. “अमक्याचा मुलगा पाहा”, “तुला काय कमी केलं आम्ही?”, “आम्ही तुझ्या वयात...” अशी वाक्ये घरातून काही महिने हद्दपार करावीत. “लग्न करून दिले की सुधारेल” हा सल्ला नातेवाइकांकडून हमखास येतो. तो ऐकून घ्यावा, पाळू नये. एका जिवाच्या दुःखात दुसरा अजाण जीव ओढला जातो, एवढेच त्यातून निष्पन्न होते.

उन्मादचिकित्सेत तर्जन व त्रासन यांचा उल्लेख आहे; त्याच चिकित्सेत सांत्वन व आश्वासनही सांगितले आहे. पहिल्या दोहोंचा आधार घेऊन खिन्न मुलाला धाक दाखवणे सर्वथा अनुचित आहे. भय हे वातप्रकोपाचे कारण आहे. ज्याच्या ठायी वात आधीच कुपित झाला आहे, त्याला भय दाखवणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

(२) दाक्ष्य – दाक्ष्य म्हणजे योग्य वेळी योग्य तेवढेच करणे. पालक दोन टोकांना जातात. काही दिवस रागावतात, मग थकून मुलाला पूर्णपणे एकटे सोडतात. मागणी कमी करावी, संपर्क मात्र कमी करू नये, हा मधला मार्ग आहे. दार वाजवून “उठलास का?” असे विचारण्याऐवजी “मी चहा घेते आहे, तुझाही ठेवला आहे,” असे म्हणून निघून जावे. उत्तराची अपेक्षा ठेवू नये, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करावे. प्रश्नापेक्षा निमंत्रण बरे, आणि समोरासमोर बसण्यापेक्षा शेजारी बसणे बरे. शेंगा सोलताना, भाजी निवडताना, दुचाकीवरून जाताना मुले जे बोलतात ते “बस, आपण जरा बोलू” म्हटल्यावर बोलत नाहीत.

विषादी रुग्ण म्हणतो, “मन लागले की करीन.” चिकित्सेचा क्रम याच्या उलट आहे, आधी कृती होते आणि मन मागाहून येते. याच तत्त्वावर आधारलेला एक उपक्रम गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत राबवून पाहण्यात आला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मानसोपचाराची पदवी नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी रुग्णांना मोजक्या भेटींत लहान लहान कृतींकडे वळवले. नेहमीच्या उपचारांस याची जोड मिळालेल्या तीव्र विषादाच्या रुग्णांत अधिक सुधारणा दिसली. आमच्या व्यवसायबंधूंनी यातून उत्साह घ्यावा. कृती मात्र खरोखर लहान हवी. पहिल्या आठवड्यात खिडकी उघडणे, दुसऱ्यात स्वतःचे ताट स्वयंपाकघरात नेऊन ठेवणे, तिसऱ्यात संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येणे. ती झाल्यावर टाळ्या वाजवू नयेत. “बरे झाले, मला मदत झाली” एवढे पुरे.

(३) अनुराग – अनुराग असतोच, पण तो काळजीच्या रूपाने व्यक्त झाला की मुलास ओझे वाटतो. सतत निरीक्षण करणारी आई पाहून मुलाची अपराधी भावना वाढते. म्हणून आईने व वडिलांनी आपली झोप, जेवण व आवडीचे एखादे काम सांभाळावे. उपस्थाता आजारी पडला तर तिसरा पादही गेला! शक्य असल्यास दोघांनी पाळ्या वाटून घ्याव्यात. सामान्यतः सारा भार आईवर पडतो आणि वडील केवळ निकाल विचारतात. वैद्याने वडिलांना मुद्दाम एखाद्या भेटीस बोलवावे.

हरवलेल्या स्मृतीची भरपाईही अनुरागाने होते. मुलाने पूर्वी केलेले एखादे चांगले काम सहज बोलण्यात आणावे. उदाहरणार्थ आजोबांच्या आजारपणात त्याने काढलेल्या रात्री. “तेव्हा तू असा होतास, आता बघ” हा सूर त्यात नसावा.

(४) शौच – ग्रंथोक्त शौच म्हणजे शुचिता. खोली, अंथरूण व शरीर यांची स्वच्छता त्यात येते. परंतु मुलाच्या अनुपस्थितीत त्याची खोली ‘साफ’ करून टाकू नये, त्याच्यासह करावी. आम्ही याचा अर्थ व्यवहारापर्यंत नेतो. मुलाचा आजार नात्यागोत्यात चघळू नये. त्याचा मोबाइल चोरून पाहू नये. औषध चहात मिसळून देऊ नये. एकदा फसवणूक उघड झाली की पुढचे खरे औषधही तो नाकारतो.

निद्रेची चिकित्सा

निद्रा आज्ञेने येत नाही, परंतु जागे होण्याची वेळ ठरवता येते. म्हणून चिकित्सेचा आरंभ झोपण्याच्या वेळेपासून न करता उठण्याच्या वेळेपासून करावा. दुपारी एकला उठणाऱ्याला उद्यापासून सहाला उठवण्याचा प्रयत्न दोन दिवसांत कोसळतो. दर चार दिवसांनी अर्धा तास अलीकडे यावे. एकपासून सकाळी सातपर्यंतचे अंतर सहा तासांचे, म्हणजे अशा बारा पायऱ्या व ४८ दिवस. सात आठवडे लागतात हे पालकांना आधीच सांगून ठेवावे. उठल्याबरोबर अर्धा तास उघड्यावर, उजेडात काढावा. गच्ची, अंगण, गॅलरी काहीही चालेल. सुट्टीच्या दिवशीही वेळ बदलू नये.

अंथरूण केवळ झोपेसाठी ठेवावे. वीस-पंचवीस मिनिटे डोळा लागला नाही तर उठून मंद प्रकाशात बसावे व झोप आली की परतावे. घड्याळ नजरेआड ठेवावे. दुपारनंतर चहा-कॉफी वर्ज्य. मोबाइल हिसकावून घेऊ नये; रात्री अमुक वाजता साऱ्या घरातील मोबाइल बाहेरच्या खोलीत ठेवायचे असा नियम करावा, आणि तो वडिलांनीही पाळावा. अशा वर्तनात्मक उपायांवर उभारलेली चिकित्सा प्रौढांच्या जीर्ण अनिद्रेत गोळ्यांच्या आधी द्यावी, अशी शिफारस अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये केली आहे.

दिवास्वापाचा निषेध सर्वश्रुत आहे. परंतु चरकाचार्यांनी रात्री जागरण झालेल्यांना आणि शोक-भयाने क्लान्त झालेल्यांना त्यात सूट दिली आहे. दिवसा पडलेल्या मुलावर ओरडण्याआधी ही सूट आठवावी. मात्र वेळ सुधारण्याच्या काळात दुपारची डुलकी अर्ध्या तासाची व तीनच्या आत असावी.

अनिद्रेच्या उपायांत अभ्यंग, स्नान, संवाहन, शिरोलेप, मनास रुचणारा गंध व शब्द, सुखकर शय्या हे सांगितले आहेत. घरी करता येण्याजोगा उत्तम उपाय म्हणजे पादाभ्यंग. तळपायांस तूप लावून काशाच्या वाटीने दहा मिनिटे घासावे. मुलाची संमती असेल तर हे काम आईने किंवा वडिलांनी करावे. या दहा मिनिटांत बोलण्याची गरज नसते, आणि ज्या मुलाला महिनोन्‌महिने कोणाचा स्पर्श झालेला नाही त्याला मायेचा स्पर्श मिळतो. संमती नसेल तर तूप व वाटी त्याच्या उशाशी ठेवावी.

निद्राजननात माहिष दुग्ध श्रेष्ठ म्हटले आहे. ते गुरू आहे. अनिद्रेबरोबर ज्यांचा अग्नी तीव्र आहे त्यांना ते हितकर होते. ज्याचे निम्मे ताट परत येते त्याचा अग्नी मंद आहे. त्यास आधी दीपन-पाचन द्यावे, आहार उष्ण, लघु व स्निग्ध ठेवावा, आणि अग्नी सुधारल्यावरच दूध योजावे. शिरोधारा उपयुक्त आहे. तिच्यासाठी रोज ठरल्या वेळी घराबाहेर पडावे लागते, हाही एक लाभच होय.

औषधयोजनेतील सावधगिरी

निद्रेसाठी सर्पगंधेची योजना करण्याचा मोह अनेकांना होतो. या वनस्पतीचा इतिहास आपल्याला अभिमानास्पद आहे. गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ मध्ये उन्माद व रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये तिचा रक्तदाबावरील अनुभव ब्रिटिश नियतकालिकात मांडला. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे करण्यात आले. त्यानंतरच्या काही वर्षांत रेसर्पिन घेणाऱ्या रुग्णांत विषाद उत्पन्न झाल्याची वृत्ते येऊ लागली. हा संबंध किती दृढ आहे यावर पुढे मतभेद झाले. परंतु विषाद असलेल्या अथवा पूर्वी होऊन गेलेल्या रुग्णास रेसर्पिन देऊ नये हा इशारा कायम राहिला. उन्मादात जे द्रव्य शामक, तेच विषादात घातक ठरू शकते. म्हणून विषादयुक्त अनिद्रेत सर्पगंधा व सर्पगंधायुक्त कल्प देऊ नयेत. बाजारातील ‘निद्राकर’ गोळ्यांचे घटक वाचल्याखेरीज त्या लिहू नयेत. तगरासारखी शामक द्रव्ये झोपेच्या आधुनिक गोळ्यांबरोबर एकत्र देण्याचे टाळावे.

रुग्ण आधीच विषादविरोधी आधुनिक औषधे घेत असेल तर ती “आता आमचे सुरू करा” म्हणून बंद करवू नयेत. ती एकाएकी थांबवल्यास चक्कर, अस्वस्थता, निद्रानाश असे त्रास होतात व विषाद उलटतो. त्यांचा गुण येण्यास काही आठवडे लागतात. २५ वर्षांखालील रुग्णांत आरंभीच्या काळात आत्मघाताच्या विचारांवर विशेष लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेतील औषध नियामक संस्थेने हा इशारा २००७ मध्ये २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांना लागू केला आहे. ही लक्ष ठेवण्याची सूचना आहे, औषध टाळण्याची नव्हे.

आत्यंतिक अवस्था

आत्मघाताविषयी विचारावे की नाही याबाबत पालकांप्रमाणे वैद्यही चाचरतात. विचारल्याने तो विचार मनात रुजतो ही समजूत चुकीची आहे. शांत स्वरात, सरळ विचारावे : “जगणे नकोसे वाटते का? स्वतःला संपवावे असे मनात येते का? कसे, काही ठरवले आहे का?” पहिल्याच प्रश्नाला होकार आला तर रुग्णाला मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवावेच. काही ठरवलेले असेल तर त्याच दिवशी कोणीतरी सोबत जावे, व तोवर त्याला एकटे सोडू नये. घरातील कीटकनाशके, उंदरांचे औषध आणि गोळ्यांचा साठा कुलपात ठेवावा वा बाहेर न्यावा. शेतकरी कुटुंबात ही सूचना न चुकता द्यावी. अचानक आलेली शांतता, वस्तू वाटून टाकणे, निरोपासारखे बोलणे यांना ‘सुधारणा’ समजू नये.

पोलिसांच्या भीतीने अनेक कुटुंबे प्रयत्न लपवतात. २०१७ च्या कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली असल्याचे गृहीत धरले असून, अन्यथा सिद्ध न झाल्यास तिला शिक्षा होत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुन्या दंडविधानातील ३०९ वे कलम ठेवलेलेच नाही. हे पालकांना सांगावे. केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र, मराठीतही, बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक चिकित्सापत्रावर छापून घ्यावा, असे आम्ही सुचवतो.

उपसंहार

वैद्य सप्ताहातून एकदा भेटतो, द्रव्य दिवसातून दोनदा घेतले जाते. उपस्थाता मात्र अहोरात्र घरात असतो. तो अज्ञानी असेल तर उत्तम कल्पही वाया जातो, आणि तो शिकलेला असेल तर थोडे औषधही पुष्कळ काम करते. म्हणून मुलगा आला नाही तरी पालकांना परत पाठवू नये. त्यांना तीन गोष्टी लिहून द्याव्यात : उठण्याची वेळ, टाळावयाची वाक्ये आणि संकटकाळचा क्रमांक. पंधरा दिवसांनी पुन्हा बोलवावे, आणि त्या भेटीत “मुलगा सुधारला का?” या प्रश्नाच्या आधी “तुम्ही झोपता का?” हे विचारावे. आपल्यासाठी घरात शांतपणे काहीतरी बदलते आहे हे लक्षात आले की पुढे केव्हातरी मुलगा स्वतः येतो. तोवर तिसऱ्या पादास सांभाळणे हीच चौथ्या पादाची चिकित्सा होय.